कार्डावर माझे शब्द नव्हते

पॅरालिसिसमधून उठलात, आता त्यावर चार शब्द लिहा, लोकांना उपयोग होईल, असं आमच्या फिजिओथेरपी केंद्रातल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या. लिहिते. पण गोडगोड लिहिणार नाही, हे त्यांनाही सांगितलंय आणि तुम्हालाही आत्ताच सांगून ठेवते. आजारातून उठलेली माणसं एकदम समाधानी होऊन लिहायला लागतात, सगळ्यांचे आभार मानतात. माझं तसं काही झालं नाही. मी बरीचशी रागावर उठले.

मी रंजना. मंडईत माझा पालेभाजीचा गाळा आहे. आधी सासूबाई बसायच्या, गेली सव्वीस वर्षं मी बसते. ज्यांनी मंडई पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, आम्ही खाली जमिनीवर बसत नाही. ओटा असतो, माझ्या कमरेच्या वर येईल एवढा, मध्ये पाऊल टेकायला एक अरुंद पायरी, आणि धरायला लोखंडी पाइप. त्या ओट्यावर बारदान टाकून मांडी घालून बसायचं. गिऱ्हाईक खाली, आम्ही वर. सदाशिव पेठेतली बाई कितीही तोऱ्यात आली तरी भाव विचारताना तिला मान वर करावी लागते. मला ते फार आवडतं, उगाच कशाला लपवू.

घरी मी आणि माझा मुलगा नितीन, दोघंच. तो हिंजवडीला कंपनीत आहे. त्याचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचं शिक्षण त्याच गाळ्यावर झालं.

पडले ती सकाळ

उन्हाळा होता. मेथीवर पाणी मारत होते, तर डाव्या हातातला मग गळून पडला. ओला म्हणून निसटला असेल असं वाटलं. शेजारच्या गाळ्यावर अलका लिंबं-मिरच्या विकते. ती म्हणाली, अगं रंजना, तोंड असं काय करतेस? काही नाही गं, असं म्हणायला गेले तर तोंडातून नुसता लगदा बाहेर आला. तेवढ्यात डावीकडे कलंडले ती थेट ओट्यावरून खाली.

अलकाने नितीनला फोन केला. नेमका तो त्या दिवशी घरून काम करत होता. आमचं घर कसबा पेठेत, तो पळतच आला. त्याला मी दिसले ती खाली पडलेली, कोथिंबिरीच्या चिखलात, एक डोळा अर्धवट मिटलेला, तोंडातून लाळ. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढे मी त्याच्यावर बरीच आग पाखडणार आहे, तेव्हा त्याने काय पाहिलं होतं हेही तुम्हाला ठाऊक असावं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. डॉक्टर हुशार होते, त्यांनी जीव वाचवला, त्याबद्दल वाद नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झालीय, म्हणून डावी बाजू गेलीय, बोलणं जड झालंय, पण समज अगदी शाबूत आहे. हे सगळं त्यांनी नितीनला सांगितलं. मी दोघांच्या मध्ये कॉटवर पडलेले. समज शाबूत आहे हेसुद्धा मला सोडून त्याला सांगितलं.

नऊ दिवस

पहाटे पाचला बीपी, सहाला स्पंज, नाकातल्या नळीतून पातळ पेज, दहाला राउंड. राउंडला पाच-सहा जण यायचे आणि कॉटच्या पायथ्याशी उभे राहून नितीनला विचारायचे. पेशंटला झोप लागली का? पेशंटला संडासला झाली का? अख्ख्या वॉर्डासमोर, माझ्या पोटच्या पोराला. मी अंथरुणात मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. एकदा मी हाताने खूण केली, मला विचारा म्हणून, तर एक जण म्हणाला, पेशंट अस्वस्थ आहे, आणि काहीतरी लिहून घेतलं.

तोंड वाकडं झालं म्हणजे अक्कल वाकडी होत नाही हो. एवढं एक वाक्य त्या वॉर्डाच्या दारावर कुणीतरी लिहायला हवं.

नाही म्हणायला एक आयाबाई होती. पस्तिशीची असेल, विदर्भातली, बोलण्यावरून कळायचं. स्पंज करण्याआधी ती भांडं माझ्यासमोर धरायची आणि विचारायची, ताई, पाणी कोमट आहे, चालेल का अजून गरम आणू? मग मी डोळ्याने सांगेपर्यंत थांबायची. तिच्या मागे दहा कॉट पडलेले असायचे, तरी थांबायची. त्या नऊ दिवसांत मला माणूस म्हणून विचारलं ते तिने एकटीने.

भीती काय होती, तर मरायची नव्हती. मला वाटायचं, बोलताच आलं नाही तर गिऱ्हाइकाशी भांडणार कशी?

कागद

घरी आले तर नितीनने सगळं ठरवून टाकलेलं. गाळा माझ्या पुतण्याला चालवायला दिला होता. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं, गाळा बंद ठेवून काय करायचं. पण पुढचंही ठरलं होतं. दिवाळीनंतर गाळा कायमचा त्याच्याकडे जाणार, कागद तयार, फक्त माझी सही हवी. आई, तू आयुष्यभर राबलीस, आता आराम कर, असं म्हणून त्याने पेन माझ्या उजव्या हातात दिलं. उजवा हात ठणठणीत होता. मी तो लुळा पाडून पेन खाली सोडून दिलं आणि डोळे मिटून घेतले. सोंगच होतं ते. तोंडाने नाही म्हणता येत नव्हतं, नुसती मान हलवली असती तर तो समजावत बसला असता, मग दुसरं काय करणार.

प्रेमाने करत होता, मला कळत होतं. मला भरवायचा, केस विंचरायचा, काखेत हात घालून उचलायचा आणि खुर्चीत ठेवायचा. कुठल्या खुर्चीत ते तोच ठरवायचा. पंखा किती, चहा कधी, टीव्हीवर काय, सगळं त्याने ठरवलेलं. माझी चिडचिड झाली की म्हणायचा, डॉक्टरांनी सांगितलंय, पॅरालिसिसमध्ये स्वभाव चिडका होतो. म्हणजे मला राग यायचीही सोय राहिली नव्हती.

दारावरची पाटी

आठवड्याभराने फिजिओथेरपी सुरू झाली. केंद्र घरापासून जवळच, रिक्षाने पाच मिनिटं. दारात पाटी होती: तुम्हाला काय करायचंय ते तुम्ही सांगा, तिथपर्यंत नेणं आमचं काम. पुण्यात पाट्यांना काय तोटा आहे? मी फारसं लक्ष दिलं नाही.

पण ही माणसं ती पाटी खरंच पाळत होती, ते हळूहळू कळायला लागलं. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड होतं. त्यावर आजाराचं नाव नाही, त्या माणसाला काय करायचंय तेवढंच, त्याच्याच शब्दांत. पेशंट नऊपासून यायचे. त्याआधी साडेआठला सगळा स्टाफ गोलात उभा राहून त्या दिवशीची कार्डं मोठ्याने वाचायचा. सगळा स्टाफ म्हणजे रिसेप्शनवरची मुलगी आणि झाडू मारणाऱ्या शांताबाईसुद्धा.

माझ्याबरोबर कदमकाका म्हणून होते, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांच्या कार्डावर होतं: पँटचं बटण मला माझं लावायचंय, बायकोने लावलेलं नको. झालं, सगळं केंद्र त्या बटणाच्या मागे. रिसेप्शनवरची मुलगी त्यांची फाइल मुद्दाम दोरीने बांधून ठेवायची, गाठ त्यांनी सोडवायची. शांताबाई पाण्याच्या बाटलीचं बूच घट्ट पिळून त्यांच्या हातात द्यायच्या आणि वर ऐकवायच्या, तुमचं काम आहे काका, मी कशाला करू.

माझं कार्ड मला कुणी दाखवलं नव्हतं, मीही विचारलं नाही. मला मात्र शांताबाई बूच उघडून बाटली द्यायच्या. चपला पायात सरकवायच्या. मला शिकवायला ऋजुता नावाची मुलगी होती, पंचविशीतली, हात अगदी हलका. पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून कमोड, वॉकर धरून दहा पावलं, परत पलंग. एवढंच. कोपऱ्यात लाकडी पायऱ्या होत्या. माझी जीभ एव्हाना थोडी सुटली होती, काठीवर चालायला लागले होते, मी तिला पायऱ्यांकडे बोट दाखवून विचारलं. ती हसून म्हणाली, काकू, तुम्हाला पायऱ्यांची गरज नाही ना.

मी काय समजले असेन? मी समजले की ही पोरगी मला सांभाळून सांगतेय, बाई, तुमच्याच्याने आता होणार नाही. बाकीच्यांना चढवतात, माझ्यात दमच उरला नाही, यांनी माझ्यावर पाणी सोडलंय. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका दुपारी तर मीच नितीनकडून तो कागद मागून घेतला. पेन टेकवणार तेवढ्यात त्याला कंपनीचा फोन आला आणि तो आतल्या खोलीत गेला, म्हणून राहिलं. नाहीतर त्याच दिवशी गाळा गेला असता.

साडेआठ वाजता

असे दोन महिने गेले. एक दिवस नितीनची सकाळची मीटिंग होती म्हणून त्याने मला अर्धा तास आधीच केंद्रात सोडलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत कार्डं वाचत होते. कदमकाकांचं झालं, आणखी कुणाचं झालं, मग ऋजुताचा आवाज आला. रंजनाताई. घरातल्या घरात आधाराने वावरता येणं. बाथरूमला जाता येणं. पायऱ्या आणि बाहेरचं काम नको.

तळपायाची आग मस्तकात गेली. काठी टेकत आत गेले आणि त्या गोलाच्या मधोमध उभी राहिले. बोलणं तेव्हाही जड होतं, पण त्या दिवशी प्रत्येकाला प्रत्येक शब्द कळला. मी विचारलं, हे कुणी सांगितलं?

मोठ्या मॅडमनी फाइल काढली. फॉर्मवर नितीनचं अक्षर, खाली नितीनची सही. पहिल्या दिवशी मी पडद्याआड पलंगावर होते, ऋजुता माझे हातपाय तपासत होती, आणि बाहेर टेबलाशी मॅडमनी फॉर्म नितीनपुढे ठेवला होता. त्याने लिहिलं, यांनी कार्डावर उतरवलं. आणि मग इतक्या इमानाने पाळलं की पाण्याचं बूचसुद्धा मला कुणी उघडू दिलं नाही.

"तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं," मॅडम म्हणाल्या, "म्हणून आम्ही मुलाला विचारलं."

"मान हलवता येत होती ना?"

मग मी बोलले. दोन महिने पोटात साठलेलं सगळं बोलले. ती पाटी आधी काढा म्हणाले. हॉस्पिटलवाल्यांनी निदान दारावर तसलं काही लिहिलं नव्हतं, तुम्ही लिहून वर हे केलंत. मी स्वतःला संपलेली समजत होते, आणि तुम्हाला कार्डावर नाही म्हणून मला साधी पायरी दाखवायची नव्हती. ऋजुता रडायला लागली. मी तिची समजूत घातली नाही. दोन महिने माझे गेले होते, तिचे नाही.

मॅडमच्या बाजूने एक गोष्ट सांगते. त्यांनी सारवासारव केली नाही. चूक आमची आहे म्हणाल्या, सगळ्यांसमोर, आणि तिथल्या तिथे सगळ्या फाइली काढायला लावल्या. आणखी चार कार्डं निघाली. कुठे बायकोचे शब्द, कुठे मुलीचे, एकावर तर जावयाचे. चार माणसं दुसऱ्याच्या मनासारखी बरी व्हायला रोज येत होती. त्या दिवशी तिथे नियम झाला की पेशंटला बोलता येत नसेल तर चित्रं दाखवा, मान हलवू द्या, डोळे मिटू द्या, तास लागला तरी चालेल, पण टेबलाशी बसून कार्ड भरायचं नाही. चांगला नियम आहे. माझ्या आधी सुचायला हवा होता.

माझं नवीन कार्ड ऋजुतानेच लिहिलं, नाक ओढत. मी सांगितलं: मला माझ्या ओट्यावर माझी मी चढायचंय, आणि वर बसून भाजी विकायचीय.

घरी

नितीन मॅडमशी फोनवर भांडला. पडली तर जबाबदार कोण, असं विचारत होता. मॅडमनी त्याला सांगितलं की पेशंट त्या आहेत, ठरवणार त्या. मग तो माझ्याकडे वळला. नको नको ते बोललो आम्ही दोघं. मी त्याला म्हणाले, तुझ्या नोकरीचा राजीनामा मी परस्पर लिहून आणला तर चालेल का? तो म्हणाला, आई, मी तुला खाली पडलेली पाहिलंय, मला परत नाही बघायचं. आणि एवढा बाप्या माणूस ओंजळीत तोंड घालून बसला.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे. तुला बघवत नाही म्हणून मी आयुष्यभर कमोड ते पलंग करू का, असं विचारलं मी त्याला. तो कागद त्याच्या लॅपटॉपवर ठेवला, सही न करता. पुढचे कितीतरी दिवस आम्ही कामापुरतं बोलत होतो.

ओटा

ऋजुता मापाची टेप घेऊन मंडईत गेली. अलकाने तिची उलटतपासणी घेतली, मग मदत केली. ओटा किती उंच, पायरी किती रुंद, पाइप कुठे, सगळं लिहून आणलं. पाइप डाव्या बाजूला होता. सव्वीस वर्षं माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं, आता डाव्या हाताने तो धरताच येणार नव्हता. अलकाने दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून उजवीकडे नवीन पाइप बसवून घेतला.

केंद्रात त्यांनी पलंग आणि लाकडी ठोकळे रचून तेवढ्याच मापाचा ओटा केला. वर बारदान टाकलं, घसरायचं तर इथे घसरू दे म्हणून. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, हे ऋजुताने शंभरदा सांगितलं असेल. पण माझा डावाच पाय आधी पुढे जायचा, जन्माची सवय. जायचा आणि लटपटायचा. मी स्वतःच्या पायाला शिव्या घालायचे, कदमकाका त्या लांबून मोजायचे. खाली टाकलेल्या गादीवर दोनदा आपटले. शांताबाईंनी बाटलीचं बूच इतकं घट्ट पिळलं की मला दातांनी उघडावं लागलं, त्यावरून ऋजुताने दोघींना झापलं.

झटक्यानंतर पाच महिन्यांनी मी मंडईत गेले. दोनच तास बसायचं असं ठरलं होतं. नितीन सुट्टी काढून आला, हाताची घडी घालून समोर उभा राहिला. ऋजुता माझ्या मागे, अंतर ठेवून. उजवा पाय पायरीवर, उजवा हात पाइपला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. आजूबाजूचे लोक थांबून बघत होते, त्याची मला लाज वाटली आणि लाजेचा राग आला, आणि त्या रागात मी वर गेले. डाव्या पायाची मांडी काही झाली नाही, तो तसाच पुढे पसरून ठेवला. पुतण्याने मेथी पुढे सरकवली. ऋजुता म्हणाली, मी अकराला येते, तोवर उतरू नका, आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

एक बाई आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली उभ्या नितीनला विचारलं, मेथी कशी दिली? नितीन गप्प राहिला. मी भाव सांगितला. तिला नीट कळला नाही, मी परत सांगितला. तिने घासाघीस केली, मीही केली. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

पण साडेदहालाच मला लघवीला जायची घाई झाली. अकरापर्यंत दम निघणार नव्हता. मी ओट्याच्या कडेला सरकले, पाइप धरला, खाली पाहिलं तर पायरी फार लांब वाटली. नितीनने ते पाहिलं. दोन ढांगांत समोर आला, दोन्ही हात पुढे, मला काखेत धरून उचलून खाली ठेवायला, सुरुवातीला खुर्चीत ठेवायचा तसा. आणि मध्येच थांबला.

"आई, धरू का?"

नको, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नको म्हणायचा माझा हक्क होता, आणि त्याला ते ऐकवायची हौसही होती. पण डावा पाय थरथरत होता, आणि त्याने विचारलं होतं.

"डावा हात धर," मी म्हणाले. "आणि मी सांगेपर्यंत ओढायचं नाही."

त्याने धरला. मागून हमाल वाट मागत होता, अलका त्याच्यावर ओरडत होती. मी डावा पाय खाली सोडला, पायरी लागेपर्यंत चाचपला. लागली. तिथे थांबून दम घेतला, बराच वेळ घेतला. नितीन हात धरून तसाच उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत. मी हं म्हटलं, तेव्हा त्याने हात न सोडता पाऊल मागे घेतलं.